डॉक्टरांच्या पाठीमागची बाई

साथीच्या वर्षी गल्लीत एक कुजबुज होती. कुजबुज म्हणायची ती नुसती रीत म्हणून. तोंडाला फडकी बांधून, मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून कुजबुजायचं म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकू जाणार, आणि तसं ते गेलंच. म्हणे, जनावरांच्या डॉक्टरांची बायको, जी साथीच्या कितीतरी आधी गेली होती, ती रोज दुपारी दवाखान्यात येते. नवऱ्याच्या डाव्या खांद्यामागे उभी राहते. टेबलावर एक मेलेलं कुत्रं असतं. दोघं मिळून त्याचं हृदय सुरू करतात, आणि ते धडधडायला लागलं की पुन्हा बंद पडू देतात.

ही बातमी निघाली समोरच्या लाँड्रीतून. लाँड्रीवाला इस्त्री करताना हातातल्या कपड्याकडे कधीच बघत नसे. त्यामुळे गल्लीतल्या बऱ्याच कॉलरींवर तपकिरी चट्टे होते आणि गल्लीतल्या सगळ्या भानगडी त्याला तोंडपाठ होत्या. पण या बाबतीत तो पदरचं काही घालत नव्हता. त्याने खिडकीतून बघितलं होतं, कानाने ऐकलं होतं आणि त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या पँटला ऐन बसायच्या जागी भोक पाडलं होतं. ती पँट पुढे किती दिवस तो पुरावा म्हणून दाखवत असे.

डॉक्टर म्हणजे उंच, जरा वाकलेले, कानांनी थोडे मंद. त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती: जनावराला मान आणि मालकाला दम. मांजर टेबलावर आलं की "या, बसा, काय होतंय आपल्याला?" आणि ते धरून उभ्या असलेल्या बँकेच्या मॅनेजरला "अरे धर की नीट, पिशवी आहे का ती?" मॅनेजर निमूट धरायचा. कारण आसपास दुसरा दवाखाना नव्हता आणि डॉक्टरांच्या हाताला गुण होता.

त्यांची बायको, गल्लीची डॉक्टरीणबाई, औषधातलं ओ की ठो शिकलेली नव्हती. पण ऑपरेशन असलं की दिवा धरायची ती. डॉक्टरांच्या डाव्या खांद्यामागे उभी राहायची, आणि डॉक्टर "जरा खाली" म्हणेपर्यंत दिवा खाली आलेला असायचा. दवाखान्यातली फाटकी-तुटकी शिवायचीही तीच, लांब लांब ढगळ टाके घालून. "हे टाके मी कुत्र्याला घातले तर मालक मला मारेल," असं डॉक्टर म्हणायचे. ती म्हणायची, "मग तुमची उशी तुम्हीच शिवा."

ती गेल्यावर डॉक्टरांनी स्टँडचा दिवा आणला. तो कधीच जागेवर राहत नसे. डॉक्टर त्याला "अगं, इकडे" म्हणायचे आणि मग स्वतःच गप्प व्हायचे.

आता, जनावरांच्या डॉक्टरांनाही शाळा असते हे पुष्कळांना माहीत नसतं. एकदा पदवी घेतली की सुटका नाही. दर काही वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, आणि तिच्यासाठी मधल्या काळात ठरलेले तास नवं शिकलात असं दाखवावं लागतं. नवी औषधं, नवी यंत्रं, नव्या पद्धती. तेही मोठ्या शहरात जाऊन, हॉलमध्ये बसून, सही करून. घरी पुस्तक वाचलं तर ते धरत नसत. तास भरले नाहीत तर नोंदणी गेली, आणि नोंदणी गेली तर दवाखान्याला कुलूप.

डॉक्टरांनी तास भरले नव्हते. आधी बायकोचं आजारपण होतं. मग ती गेली. मग पुढे नुसताच कंटाळा. "परवा जन्मलेली पोरं खडू घेऊन बोलणार आणि मी मान डोलावणार? नको बुवा." डॉक्टरीणबाई अंथरुणावरूनही टोकायची, "तास भरा हो. नाहीतर दवाखाना जाईल आणि तुम्ही दिवसभर माझ्या डोक्याशी बसाल." पुढे डोक्याशी बसायलाही कुणी उरलं नाही. दवाखाना तेवढा उरला. सकाळी उठून दाढी करण्याचं तेवढंच एक कारण त्यांच्यापाशी होतं, आणि त्याचीही मुदत त्याच वर्षाअखेर संपत होती.

आणि मग साथ आली. हॉलांना कुलपं लागली, गाड्या बंद झाल्या, आणि डॉक्टरांच्या परिषदेने नियम सैल केले. सगळे तास घरी बसून संगणकावर भरा. कुणीतरी आधी बोलून ठेवलेली व्याख्यानंही चालतील. मुदत पुढे ढकलली आहे. हाताने करायचं काम असेल त्यासाठी परिषद एक बनावट जनावर टपालाने पाठवेल. अट एकच: शिकताना खोलीत एकटं असायचं, किंवा फार तर एकाच छपराखालचं घरचं माणूस मदतीला. बाहेरचं कुणी नको, कारण साथ आहे. संगणक मनाला येईल तेव्हा फोटो काढेल आणि ते परिषदेत तपासले जातील.

परगावच्या मुलीने हे वाचून लगेच फोन केला. "बाबा, आता सबब काय सांगणार?"

"संगणक बिघडलाय म्हणेन."

"मी नवा पाठवलाय. उद्या येईल."

"तू अगदी आईवर गेलीस."

"मग ऐका ना आईचं. आता तरी."

संगणक आला, आणि त्याच्या मागोमाग खोक्यातून कुत्रं आलं.

ते राखाडी रेक्झिनचं होतं, मध्यम उंचीचं, एका कुशीवर पडलेलं. डोळे काचेचे, अर्धे मिटलेले. जीभ बाहेर. ज्या कुणी ते बनवलं त्याने मेलेलं कुत्रं जवळून बघितलेलं होतं, यात शंका नाही. उचलताना मान अशी लोळली की डॉक्टरांनी आपसूक तिच्याखाली हात घातला. बरगड्यांच्या आत एक डबी होती. छाती योग्य जागी, योग्य जोराने, योग्य लयीत दाबली तर ती डबी ठोके द्यायला लागायची: धप्-धप्, धप्-धप्. लय चुकली की ठोके अडखळायचे. हात थांबला की थोड्या वेळाने बंद.

विषयच तो होता. थांबलेलं हृदय पुन्हा चालू करणं. डॉक्टरांनी सगळ्या जन्मात ते कधी केलं नव्हतं. जनावर गेलं की गेलं, हा त्यांचा खाक्या.

ते दुपारी शिकायला बसत. सकाळी अगदी अडलेली चार जनावरं बघायची, मग दार लावायचं. त्या दिवसांतल्या दुपारी आठवून बघा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुठे तरी लांबून रुग्णवाहिकेचा आवाज यायचा आणि तो आपल्या वळणावर वळतोय का, याकडे घराघरात कान लागायचे. वळला नाही की सगळी गल्ली एकदम श्वास सोडायची. आणि त्या शांततेत दवाखान्यातून, मंद कानांसाठी मोठा करून ठेवलेला आवाज: आधी एका बाईचं थंड, संथ बोलणं, "थांबू नका. डोळ्यांकडे बघा. थांबू नका." आणि मग ते धप्-धप्, धप्-धप्.

दवाखान्याची डावी भिंत शेजारच्या घराची. तिथे टेलरमास्तर राहायचे. डॉक्टरांचे जुने मित्र, दोघांचं रोज भांडण, रोज चहा. साथीच्या सुरुवातीलाच मास्तरांना ताप आला, रुग्णवाहिका या वळणावर वळली, आणि मास्तर परत आले नाहीत. त्यांच्या बायकोला बहिणीने येऊन नेलं. शटर खाली, घराला कुलूप. गल्लीतली माणसं त्या शटरसमोरून जाताना पलीकडच्या कडेने जायची.

पहिल्यांदा जे झालं ते या भिंतीतून झालं. डॉक्टरांनी दमून हात थांबवले. कुत्र्याच्या पोटातले ठोके मंदावले, बंद पडले. आणि भिंतीतून ते पुढे चालूच राहिले. धप्-धप्, धप्-धप्. अगदी त्याच लयीत, जरा जड. मग हळूहळू तेही थांबले.

डॉक्टरांनी कानात बोट घालून हलवलं. "कान वाजतात म्हाताऱ्या," असं स्वतःलाच म्हणाले. पण त्या दिवशी पुढचा धडा काही त्यांनी लावला नाही.

मग मांजर. दवाखान्यात एक एकडोळी मांजरी होती. तिला सगळे काणी म्हणायचे. डॉक्टरीणबाईच्या पायाशी वाढलेली. ती गेल्यापासून कुणाच्या जवळ जाईना. एका दुपारी डॉक्टर छाती दाबत असताना काणी आतून आली, शेपूट उभं करून त्यांच्या पाठीमागे गेली, आणि त्यांना तिची घुरघुर ऐकू आली. काणी कशाला तरी अंग घासत असली की तशी घुरघुरायची. पाठीमागे काही नव्हतं. म्हणजे नसायला हवं होतं. पाठीमागे मोकळी फरशी, औषधांचं काचेचं कपाट, आणि त्याच्या बाजूला आतल्या खोलीचा पडदा, जिथे ऑपरेशन झालेली जनावरं ठेवत. संगणकातली बाई म्हणत होती, "थांबू नका." डॉक्टर थांबले नाहीत. मागे वळलेही नाहीत. कामात होते म्हणून वळले नाहीत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आणि मग शिवण. दाबून दाबून कुत्र्याची बरगडीवरची शिवण उसवली, आतला स्पंज बाहेर डोकावला. "उद्या चिकटपट्टी लावतो हं आपल्याला," असं कुत्र्याला सांगून डॉक्टर झोपायला गेले. दुसऱ्या दुपारी येऊन बघतात तो शिवण घातलेली. राखाडीला राखाडीच दोरा, इतके बारीक टाके की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत.

डॉक्टर स्टुलावर बसले. बराच वेळ त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले. दवाखान्यातलं फाटकं शिवणारं माणूस त्यांना एकच ठाऊक होतं. शेवटी ते हळूच म्हणाले, "तिकडे जाऊन हात बराच सुधारला की गं."

आता हसू नका. एकट्या माणसाला दुपारी एवढं पुरतं.

त्याच आठवड्यात परिषदेतून फोन आला. डॉक्टरांनी सवयीने फोनचा आवाज मोठा केला. खिडकी उघडी होती, आणि समोर लाँड्रीवाला पँट घेऊन उभा होता.

"सर, परिषदेतून बोलतेय, तपासणी विभाग. तुमचे तास बघत होते. छान चाललंय."

"आता या वयात छान काय."

"नाही, खरंच. फक्त एक विचारायचं होतं. तुमच्या पाठीमागे कोण असतं?"

"कपाट," डॉक्टर म्हणाले.

"कपाटाच्या अलीकडे, सर."

डॉक्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी फोटो पाठवलेत. तीन-चार धड्यांत आहेत. बघा ना जरा."

डॉक्टरांनी संगणक उघडला. फोटोत पुढे ते स्वतः, कुत्र्यावर वाकलेले. डाव्या खांद्यामागे एक बाई. मागच्या खोलीतला उजेड तिच्या पाठीवर होता, त्यामुळे कडा धूसर, चेहरा काळोखा. डोक्यावरून शाल, तोंडाला फडकं. उंची तीच. डोकं एका बाजूला कललेलं, दिवा धरणाऱ्या माणसाचं कलतं तसं. दुसऱ्या फोटोत ती आणखी पाऊलभर पुढे होती. तिसऱ्यात तिच्या पायाशी काणी बसली होती आणि वर बघत होती.

"सर? आहात ना? घरचं माणूस असेल तर नियमात बसतं. बाहेरचं असेल तर हे सगळे तास बाद करावे लागतील. माझाही इलाज नाही हो. कोण आहेत त्या?"

डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "बायको."

"हात्तिच्या! मग काहीच हरकत नाही. तशी नोंद करते. त्यांना सांगा, फडकं नाकावर घ्या म्हणावं, घसरतंय."

फोन बंद झाला, आणि समोरून जळक्या कापडाचा वास आला.

यानंतर गल्लीत काय झालं ते सांगायला नकोच. लाँड्रीवाल्याने शपथेवर सांगितलं, की परिषदेने फोटो काढून मेलेली बाई पकडली आणि डॉक्टरांनी कबूल केलं. आजारी कुत्री घेऊन येणारे मालक आता दारातूनच कुत्रं आत ढकलू लागले. डॉक्टरांना पत्ता नव्हता. त्यांचं लक्ष दुपारकडे असायचं.

त्यांनी वळून बघायचं नाही असं ठरवलं. भीती होतीच. पण भीती ती दिसेल याची नव्हती; बघितलं आणि ती गेली तर, याची होती. काचेच्या कपाटात चुकून प्रतिबिंब दिसू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर जुना ॲप्रन टांगला. स्टूल ओढून डाव्या बाजूला मागे ठेवलं. आणि दाबता दाबता बोलायला लागले.

"तास भरतोय बरं का. बघतेस ना? तू म्हणायचीस तेव्हा ऐकलं नाही." धप्-धप्. "पोरगी तुझ्यावर गेली, फोनवर सुद्धा ओरडते." धप्-धप्. "मास्तर गेले. तुला भेटले असतील तर सांग, माझी निळी पँट अजून त्यांच्याकडेच आहे."

पाठीमागून कधी उत्तर येत नसे. एकदा मात्र कापडाची सळसळ झाली, आणि स्टुलाचा पाय फरशीवर किंचित घासला. डॉक्टरांच्या मानेवर काटा उभा राहिला. हात मात्र लयीतच राहिले. हाताला आता ती लय लागली होती.

शेवटच्या धड्यात संगणकातली बाई सांगत होती, कधी थांबायचं ते. "सगळं करूनही ठोका आला नाही, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्याच राहिल्या, तर हात काढा. वेळ नोंदवा. मग बाहेर जाऊन घरच्यांना सांगा: हृदय थांबलं होतं, आम्ही प्रयत्न केले."

डॉक्टरांच्या पाठीमागे कुणीतरी रडलं.

मोठ्याने नाही. तोंडात कापड कोंबून रडावं तसं, आत ओढून घेतलेलं. डॉक्टरांचे हात पहिल्यांदा सुटले. कुत्र्याचे ठोके विरत गेले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला रडताना बघितलं होतं, पण ती घर डोक्यावर घेऊन रडायची, नाक शिंकरून, त्यांना चार शब्द सुनावून. हे रडणं तिचं नव्हतं. त्यांनी त्या विचारावर घाईघाईने झाकण ठेवलं. मृत्यूनंतर टाके सुधारतात, तर रडणंही बदलत असेल.

परीक्षा जिवंत होती. म्हणजे फोटो नाहीत, समोर पडद्यावर तीच तपासणीवाली बाई स्वतः बसलेली. चष्मा, दमलेला चेहरा, मागे कुणाचं तरी मूल खोकत होतं.

"नमस्कार सर. दोन माणसांची पद्धत घेऊ या. तुम्ही छाती दाबा, दुसऱ्याने पिशवीने श्वास द्यायचा. मिसेस आहेत ना?"

"आहेत," डॉक्टर म्हणाले. पुढे काय होणार याचा विचार त्यांनी केलेलाच नव्हता.

"करा सुरू."

ते दाबू लागले. धप्-धप्, धप्-धप्. कुत्र्याच्या नळीला जोडलेली रबरी पिशवी टेबलाच्या कडेला पडून होती.

"छान. आता श्वास." कुणी हललं नाही. "सर, श्वास द्यायला सांगा. लय सुटेल."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि मागे न बघता म्हणाले, "दाब गं पिशवी."

काहीच झालं नाही. समोर लाँड्रीवाल्याची इस्त्री पाण्यावर चुरचुरली. मग डाव्या खांद्यावरून एक हात पुढे आला, त्याने पिशवी धरली, आणि दाबली. कुत्र्याची छाती वर आली, खाली गेली.

हात गार असेल अशी डॉक्टरांनी तयारी ठेवली होती. तो त्यांच्या मनगटाला घासला तेव्हा ऊबदार होता. त्यांनी डोळे उघडले. बोटांना सुयांची भोकं होती, आणि मधल्या बोटात शिवणकामाचं पत्र्याचं अंगुस्तान. डॉक्टरीणबाईने ते जन्मात कधी घातलं नव्हतं. म्हणून तर तिचे टाके ढगळ.

डॉक्टर दाबत राहिले. आतून काहीतरी निसटून खाली गेलं, खोल विहिरीत बादली सुटावी तसं, पण हात लयीत राहिले. दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी?"

"थांबू नका ना, भावजी," मागून आवाज आला. टेलरमास्तरांची बायको.

ठोका आला. डबी आपल्या आपण धडधडायला लागली. पडद्यावरची बाई हसली. "सुंदर, सर! मिसेसचाही हात छान आहे. नोंदीसाठी एवढंच सांगा, या तुमच्या पत्नी ना?"

"हो म्हणून टाका," वहिनी कानाशी पुटपुटली. "माझ्यामुळे तुमचा दवाखाना जायला नको."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. एकदा म्हणूनही झालं होतं. डॉक्टरांनी त्या बोटांकडे बघितलं, कुत्र्याच्या बरगडीवरच्या बारीक टाक्यांकडे बघितलं, आणि मग इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा वळून मागे बघितलं. शाल, फडकं, दोन लाल डोळे. ओळखीचे, पण हवे होते ते नव्हेत.

"नाही," ते पडद्याकडे वळून म्हणाले. "शेजारीण आहेत. माझी बायको साथीच्या आधीच वारली."

पडद्यावरच्या बाईने चष्मा काढला. "सर, तुम्ही मला फोनवर..."

"तेव्हा मला तसंच वाटलं होतं."

तिने पुढे काही विचारलं नाही. परिषदेत त्या वर्षी माणसं काय काय सांगत होती कोण जाणे. "मग हाताने केलेले सगळे तास बाद, सर," ती शेवटी म्हणाली. "नियम सैल आहे, पण एवढा नाही. व्याख्यानांचे राहतील. आणि मुदत पुढे गेली आहे, म्हणून पुन्हा करायला वाव आहे. जेमतेम." मग आवाज उतरवून म्हणाली, "एकट्याने करायचं असेल तर तीस वेळा दाबा, दोन श्वास द्या. तेही चालतं."

पडदा काळा झाला. वहिनी स्टुलावर बसली. काणी तिच्या मांडीवर चढली, अगदी हक्काने.

"तुम्ही बहिणीकडे होतात ना?"

"आले परत. रात्रीत सामान उचललं न् आले. तिच्या दारात सगळे माझ्याकडे असे बघायचे, जशी मीच ती साथ. इथे तरी काय वेगळं होणार होतं? म्हणून कुणाला सांगितलं नाही. शटर बंदच ठेवलं. मागच्या दाराने नळावर जायचं, मागच्या दाराने यायचं."

"आणि माझ्याकडे?"

"डॉक्टरीणताईंनी किल्ली दिलेली होती ना, तुम्ही गावाला गेलात की काणीला खायला घालायला. माझ्याकडेच राहिली." तिने मांजरीच्या पाठीवर हात फिरवला. "भिंतीतून आवाज आला, भावजी. पहिल्या दिवशी मी घाबरले. मग पाय आपोआप मशीनच्या पायट्यावर गेला, त्याच लयीत चालायला लागला. कापड नाही, दोरा नाही, नुसती चालवत बसले. मग ती बाई काय म्हणते ते नीट ऐकू येईना, म्हणून आले."

"सांगायचं तरी मला. मी तुम्हाला..." डॉक्टर अडखळले. "मी काय काय बोललो सगळं."

"मी काही ऐकलं नाही," वहिनी म्हणाली. मग शाल सारखी करत, "निळी पँट शिवून तयार आहे. तेव्हाच झाली होती."

डॉक्टरांनी रबरी पिशवी नळीतून सोडवली. पुन्हा बोलली ती खाली मान घालून.

"मला काचेच्या बाहेर सुद्धा उभं राहू दिलं नाही. फोन आला. हृदय थांबलं, आम्ही प्रयत्न केले. एवढंच. प्रयत्न म्हणजे काय करतात हो? मी सगळ्यांना विचारलं. बहीण म्हणाली, कशाला विचारतेस, झालं ते झालं. प्रयत्न म्हणजे कुणी हात लावला का त्यांना? की नुसतं लांबून बघितलं? आणि तुमच्याकडे तर ते रोज दुपारी चाललेलं."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग मालकांना द्यायचा तो दम नाही, जनावरांसाठी राखून ठेवलेला तो आवाज त्यांनी काढला.

"हात लावतात, वहिनी. छातीवर दोन्ही हात ठेवून दाबतात. दमतात, मग दुसरा येतो. लांबून होतच नाही ते."

"किती वेळ?"

"बराच वेळ. हात भरून येतात."

तिने मान हलवली. अंगुस्तान काढून मुठीत धरलं आणि मागच्या दाराने गेली.

डॉक्टरांनी सगळे तास पुन्हा भरले, एकट्याने. तीस दाब, दोन श्वास. घाम गळायचा, खांदे बोलायचे. कपाटावरचा ॲप्रन त्यांनी काढून टाकला. काचेत आता फक्त औषधांच्या बाटल्या दिसायच्या. संगणक त्यांनी मास्तरांच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि आवाज आणखी मोठा केला. लाँड्रीवाल्याने गल्लीला सांगितलं, की बाई गेली नाहीये, आता ती भिंतीत शिरलीय. डॉक्टरांनी हात थांबवले तरी भिंत धडधडत राहते. हेही त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मुदतीच्या आत नोंदणी झाली. दवाखाना आहे तिथेच आहे. बँकेचा मॅनेजर अजून बोलणी खातो.

डॉक्टरांच्या मागे उभी राहायची ती टेलरमास्तरांची बायको होती. मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे होती, आणि भिंतीतला आवाज तिच्या शिलाई मशीनचा होता.